खानापूरला एवढा पाऊस पडतो, तरी बेळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणीटंचाई का होते?
पाऊस जिल्ह्यात सारखा पडत नाही, हे मूळ कारण. कणकुंबीला घाटमाथ्यावर धुवाधार कोसळतो; अथणी मात्र पर्जन्यछायेत, कोरडं. खानापुरात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे वाहते.

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी साठतं ते भेगांपुरतंच. आणि त्यावर ऊस! कृष्णाकाठच्या पट्ट्यात बारमाही ऊस, खोल खोल बोअर; मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, कारण मुरतं त्याहून उपसा जास्त. पात्र आटलं की कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते.

बेळगाव शहराची भिस्त राकसकोप आणि हिडकल या धरणांवर. मृग कोरडा गेला की नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत जातात.