अन्नासाठी देवाचे आभार, आणि मीठ कमी म्हणून मला बोल

भुसावळच्या ताईंना सलाम.

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून वाचकांना थोडक्यात सांगते. यजमान रेल्वेत, पाळीची ड्युटी. सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणावर. दोन मुलं शाळेत. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आलं की अर्ध्या रात्री उठून भरायचं. चर्चच्या महिला सभेत पाळकबाईंनी सांगितलं की रोज झोपताना देवाचे तीन उपकार वहीत लिहा. तुम्ही लिहिता, ‘मुलं, नवरा, घर’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लिहिताना मनात काहीच हलत नाही आणि वर अपराधी वाटतं. तुम्ही विचारता, ‘माझा विश्वास आटला का?’

नाही आटला. थकला आहात तुम्ही.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही एक वाक्य टाकलंय. मी तिथेच थांबले. यजमान ताटावर डोळे मिटून अन्नासाठी प्रभूचे आभार मानतात आणि पहिला घास घेऊन म्हणतात, ‘मीठ कमी आहे.’ ताई, दुखणं इथे आहे, वहीत नाही. मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात गॅससमोर उभं राहून जिनं ते अन्न रांधलं तिला त्या प्रार्थनेत जागा नाही. हे त्यांना सांगा. जेवताना नको, नाइट करून आल्यावर तर मुळीच नको. रेस्टच्या दिवशी सांगा, टोमणा न मारता. आणि नुसते आभार मागू नका, काम मागा. रेस्टच्या दिवशी आईचं अंग पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं त्यांच्याकडे. सासूबाईंना मुलाकडून अंग पुसून घ्यायला संकोच वाटला तर तेवढं तुम्ही करा, त्या बदल्यात पाणी भरणं त्यांचं.

आता देवाशी काय बोलायचं ते. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे बायबलमधलं पौलाचं वचन आपल्याकडे भिंतीवर असतं. त्याच बायबलमधलं 88 वं स्तोत्र भिंतीवर लावलेलं मी तरी पाहिलं नाही. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आभाराची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. तेव्हा रात्री ‘प्रभू, आज मला कोणाचंच करायचं नव्हतं’ एवढंच म्हणून झोपलात तरी ती प्रार्थनाच.

वही ठेवा, पण तीनचा हिशेब सोडा. घडलं तेच लिहा. आज नळाला जोर होता. भरतासाठी बामणोदची वांगी मिळाली. सासूबाईंनी आज डाव्या हातानं पेला धरला. काही सुचलं नाही तर पान कोरं राहू द्या. पाळकबाईंनाही हे खरं सांगून टाका. पाळकाच्या घरातही धुणंभांडी असतात, त्यांना कळेल.

झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाचा कमीपणा नाही.

आणि एक. सासूबाईंसाठी प्रार्थना करायला मंडळीतल्या बायका येतात, चहा पिऊन जातात असं तुम्ही लिहिलंय (मला हसू आलं, सगळ्याच मंडळीत हे असं). पुढच्या वेळी त्यांना सांगा, चहा तुम्हीच टाका, साखर वरच्या फळीवर आहे, आणि दोघींनी तासभर आईंजवळ बसा. त्या तासात तुम्ही बाजारातली कामं उरकायची नाहीत. शेजारच्या घरी जाऊन पंख्याखाली आडवं व्हा.