टेलिथॉनच्या आठवणी टिपताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत वाढलेल्या काका-मावश्यांकडून जेरी लुईसच्या टेलिथॉनच्या, म्हणजे स्नायूविकारग्रस्तांसाठी देणग्या मागणाऱ्या त्या विनोदवीराच्या तासन्‌तास चालणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाच्या, आठवणी जमवायचं तू मनावर घेतलं आहेस, हे चांगलं झालं. फक्त 'कसा असायचा कार्यक्रम?' असं मोघम विचारू नकोस. उत्तर ठरलेलं येतं: टक्सिडोतला जेरी, ढोलांचा गडगडाट, देणग्यांच्या फलकावर वाढलेला आकडा, शेवटी गहिवरून म्हटलेलं गाणं. ते तर देशभर सारखंच दिसायचं. पहिला प्रश्न असा टाक: तुमच्याकडे तो कुठल्या स्टेशनवर लागायचा? राष्ट्रीय प्रक्षेपण मधूनमधून थांबायचं आणि स्थानिक स्टुडिओ यायचा. तिथे गावचा निवेदक, फोनवर बसलेले स्वयंसेवक, बुटात जमवलेले पैसे घेऊन आलेले अग्निशमन दलाचे जवान. कामाची आठवण तिथेच सापडते.

कार्यक्रम लेबर डेला असायचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. रविवारी रात्री सुरू झालेला कार्यक्रम सोमवारी संध्याकाळी संपायचा. बरीच वर्षं साडेएकवीस तास. घरच्यांपैकी कुणी तो सलग पाहिला असेल यावर विश्वास ठेवू नकोस. झोपायला कधी गेलात, उठलात तेव्हा पडद्यावर काय चालू होतं, हे विचार.

सालांची फार गल्लत होते. 1976 साली गायक फ्रँक सिनात्राने जेरीचा दुरावलेला जुना जोडीदार डीन मार्टिन याला अचानक मंचावर आणलं, तो क्षण 'डोळ्यांनी पाहिला' असं सांगणारे भरपूर भेटतील. ती फीत नंतर इतकी दाखवली गेली, की 1980 नंतर अमेरिकेत आलेल्यालाही ती स्वतःची आठवण वाटते. त्या वर्षी कुठे राहत होतात, एवढं विचारलं की उलगडा होतो. खोडून टाकू नकोस, 'नंतर पाहिलेलं' अशी नोंद कर. 2011 पासून कार्यक्रम आखडला आणि जेरीही नव्हता. 2014 नंतर तो बंदच झाला.

फलकाचं एक सांगतो. 1966 साली, न्यूयॉर्कच्या एकाच स्टेशनवरून, 10,02,114 डॉलर जमले. फलकावर सहाच अंकांची सोय! सातव्या अंकासाठी पुढचा 1 लुईसने हाताने रंगवला. मात्र फलकावरचा आकडा 'त्या रात्री जमलेले पैसे' म्हणून लिहू नकोस. त्यात फोनवर कबूल केलेल्या रकमा असायच्या, आणि कंपन्यांनी आधीच गोळा करून ठेवलेले धनादेशही.

स्नायूविकार असलेल्यांनाही विचार, आणि त्यांना परिशिष्टात ढकलू नकोस. लहान मुलांना दयेचा विषय करून पैसे मागण्यावर इव्हान केम्प यांनी 1981 मध्येच वृत्तपत्रातून टीका केली होती. ते स्वतः अशा विकाराने ग्रस्त होते. 1990 च्या दशकात तर निदर्शनंच झाली.

कुणाकडे व्हीएचएस कॅसेट निघाली तर आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत बघ. पांढरी बुरशी असेल तर यंत्रात घालू नकोस, तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाक, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. चालवण्याआधी एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरव. सहा तासांच्या मंद गतीवर भरलेल्या फितीचे पट्टे अरुंद असतात. दुसऱ्या यंत्रावर चित्र थरथरलं तर यंत्रावरचं ट्रॅकिंगचं बटण वापरून ते हळूहळू जुळव. ती कॅसेट पुण्याला आणलीस तर भारतातल्या पाल पद्धतीचा साधा व्हीसीआर चालणार नाही, अमेरिकेची एनटीएससी पद्धत वाचणारा शोध. आणि जाहिराती कापू नकोस. गावातल्या मोटारविक्रेत्याच्या जाहिरातीवरून स्टेशन सापडतं, बरेचदा सालही.

कळावे.