मांजरासाठी खिडकीला लाकडी फळी घरच्या घरी कशी बसवायची?

सुताराला बोलवायचं कामच नाही भावा, तासाभरात होतंय. टिंबर मार्केटला १८ एमएम प्लायचा उरलेला तुकडा बघा, साधारण २ फूट बाय १ फूट, आणि आपल्याकडचा पाऊस बघता वॉटरप्रूफच घ्या नाहीतर खिडकीजवळ दोन पावसाळ्यात फुगून पापुद्रे सुटतात. कडा पॉलिश पेपरनं घासा, आधी ८० नंबर मग १२०, हात फिरवल्यावर कुसळ लागता कामा नये.

खरा प्रश्न भिंतीचा आहे. आरसीसी बिल्डिंगची विटांची भिंत असेल तर हॅमर ड्रिलनं भोकं पाडून स्क्रू धरणारे प्लास्टिकचे प्लग ठोका आणि १० इंची दोन एल ब्रॅकेट लावा, पण पेठेतलं जुनं मातीच्या भिंतीचं घर असेल तर प्लग धरतच नाही, नुसती माती गळत बसते, तिथं सरळ खिडकीच्या लाकडी चौकटीलाच स्क्रू मारा. मांजर चार-पाच किलोचं असलं तरी उडी मारून आदळतंय की, म्हणून आधी हातानं जोर देऊन बघायचं, हललं तर परत खोला.

वरून पोत्याचा तुकडा स्टेपलरनं ताणून बसवा, गुळगुळीत सनमायका नको, पाय घसरतो. पिना खालच्या बाजूला.

आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर ग्रिलला आधी स्टीलची जाळी मारा मगच फळी, कारण ग्रिलच्या गजांतून मांजर आरामात बाहेर जातंय आणि नायलॉनची जाळी तर नखानं फाडतंय.