कोअर आधी, बॅगा नंतर

नॉर्वेत पीएचडीची जागा मिळाली आहे, विषय स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या द्वीपसमूहातल्या तळ्यांच्या गाळावरून हिमनद्यांची माघार शोधणं, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. जावं का, असं तुम्ही विचारलंय. परवाना आणि पगाराची माहिती सरकारी पानांवर आहे. तिथे नसतं तेवढंच लिहिते.

मार्गदर्शकाला पहिला प्रश्न हा विचारा: कोअर, म्हणजे तळाशी नळी खुपसून काढलेले गाळाचे उभे नमुने, काढून ठेवलेत की काढायचेत? करार तीन वर्षांचा असतो, शिकवण्याचं काम जोडलेलं असेल तर चार. गोठलेल्या तळ्यावरून कोअरिंग एप्रिल-मेमध्ये होतं, म्हणजे हातात जेमतेम तीन हंगाम. एक वादळात वाया गेला की पुढचं सगळं गणित बिघडतं.

तळंही नीट निवडलेलं आहे ना, ते बघा. हिमनदी एका विशिष्ट उंबरठ्यापलीकडे वाढली तरच जिथे तिचं पाणी येतं, असं तळं उत्तम. पाणी येतं तेव्हा करडी, बारीक खनिज माती साचते. थांबलं की तपकिरी सेंद्रिय गाळ. पण असं तळं फक्त ‘होती’ किंवा ‘नव्हती’ एवढंच सांगतं. किती मागे गेली, ते नाही. शिवाय उतारावरून घसरलेली मातीही करडीच दिसते. म्हणून खनिज मातीचं प्रमाण दाखवणारा टायटॅनियमचा आलेख एकटा वापरू नका. कणांचा आकार आणि पाणलोटातल्या मातीचे नमुने सोबत हवेतच.

पिस्टन कोअररने, म्हणजे आत दट्ट्या असलेल्या नळीने, लांब कोअर मिळतो, पण वरचा मऊ थर विस्कटतो. शेजारच्याच छिद्रातून छोटा ग्रॅव्हिटी कोअर (नळी स्वतःच्या वजनाने रुतते तो) घ्या, तो उभाच ठेवा आणि वरचं पाणी सावकाश काढा. कोअर गोठू देऊ नका. गाळातलं पाणी बर्फ होऊन फुगलं की बारीक थर फाटतात. साठवण ४ अंशांना.

सेंद्रिय अंश मोजायला नमुना १०५ अंशांना रात्रभर वाळवा, मग ५५० अंशांना चार तास जाळा; जळताना घटलेलं वजन म्हणजे सेंद्रिय अंश. चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही याच वेळी निघून जातं, त्यामुळे हिमनदीच्या मातीतही दोन-चार टक्के सेंद्रिय अंश असल्याचा भास होतो. त्या आकड्यावरून हवामानाच्या गोष्टी रचू नका.

खरा वेळ खातं ते कालमापन. स्वालबार्डच्या खडकांत कोळसा आणि चुनखडी दोन्ही आहेत. सबंध गाळाची रेडिओकार्बन तारीख कोळशामुळे, आणि पाण्यातल्या शेवाळाची चुनखडीतल्या जुन्या कार्बनमुळे, हजारो वर्षं जुनी येऊ शकते. म्हणून हवेतलाच कार्बन घेणाऱ्या, जमिनीवरच्या ध्रुवीय विलो या खुज्या झुडपाची पानं शोधा. चाळणीपाशी आठवडेच्या आठवडे जातात आणि पानं मोजकी मिळतात. गेल्या दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसं घ्या, पडताळणीला अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७चं १९६३चं शिखर.

कागदपत्रांबद्दल एकच. पोलिसांकडे नोंदणीची वेळ, मग ओळख क्रमांक, मग बँक, मग बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवण्याची सोय). यातली एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं, आणि काउंटरवरचा माणूस शांतपणे पुढच्या काउंटरकडे बोट दाखवतो. स्वालबार्डवर राहिलेला काळ मुख्यभूमीच्या कायम वास्तव्याच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून तिथल्या लाँगइअरब्येन गावात सलग मुक्काम करण्याआधी हे मोजून घ्या.

एकटेपणाचा आणि अंधाराचा बाऊ नको. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दिवा लावायचा आणि कामाला लागायचं.

मुलीचं मात्र तसं नाही, आणि इथे माझा सूर कडवट होईल. शाळा छान आहे, दप्तर हलकं आहे, हे सगळे सांगतात. आठव्या वर्षी आलेलं मूल वर्गात बसतं, पण मधल्या सुट्टीतली भाषा त्याला येत नाही, आणि मैत्री मधल्या सुट्टीतच होते. पुरेशी नॉर्वेजियन येईपर्यंत वेगळ्या भाषातासांचा हक्क कायद्यात आहे. तो कुणी आपणहून देईल म्हणून थांबू नका, पहिल्याच आठवड्यात लेखी मागा. तुम्ही एप्रिलमध्ये तीन आठवडे बर्फावर असाल तेव्हा शाळेचे संदेश कोण वाचणार, हे बायकोशी आत्ताच ठरवा. ते संदेशही नॉर्वेजियनमध्येच येतात.