हडपसरहून कोथरूडच्या आजींचं संगीतोपचाराचं सत्र व्हिडिओ कॉलवर घेते. तानपुऱ्याचा आवाज तुटतो, एकत्र गाता येत नाही. काय करू?
तानपुऱ्याचा सलग आवाज अ‍ॅपला पंख्याची घरघर वाटतो, म्हणून ते तो दाबतं. झूमवर कॉल करत असाल, तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा; कॉल सुरू झाल्यावर ते चालू आहे ना, तेही बघा. हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमतो. त्याहून बरं म्हणजे तानपुरा आजींच्याच घरी, दुसऱ्या फोनवर, ठरलेल्या पट्टीत लावायला सांगा.

एकत्र गायचा हट्ट मात्र सोडा. आवाज उशिरा पोचतो, ताल मोडतो आणि आपणच चुकतोय असं आजींना वाटतं. ते अजिबात होऊ देऊ नका. तुम्ही एक ओळ म्हणा, थांबा, मग त्यांना म्हणू द्या. सोबत गाण्यासाठी ३-४ मिनिटांचा व्हिडिओ आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तो त्यांच्याच फोनवर वाजतो, त्यामुळे ताल सुटत नाही.