रेस्टला तेल कुठे द्यायचं, कुठे नाही

बेंचरेस्टच्या (रायफल टेबलावर टेकवून नेम मारायचा खेळ) रेस्टचा, म्हणजे रायफल टेकवायच्या स्टँडचा, उंचीचा स्क्रू फिरवताना करकरतो. दर रविवारी शिलाई मशीनचं तेल सोडतो, तरी जडच होत चाललाय. (मानकापूर)

‘तरी’ नाही भाऊ, त्यामुळेच. आपल्या नागपूरचा मे महिना, त्यात गल्लोगल्ली रस्ते खोदलेले. ओल्या तेलावर धूळ बसते आणि दोन्हींची मिळून मेकॅनिक व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. दर रविवारी तुम्ही ती ताजी करताय. आट्यांतला काळा चिखल चिमटीत धरून चोळून बघा. कचकचला तर तेलाची बाटली कपाटात ठेवा.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती बाजूला ठेवा, पुढची पिशवी (रायफलच्या पुढच्या भागाखालची वाळूची चामडी पिशवी) उतरवा आणि स्क्रू पूर्ण बाहेर काढा. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. हे काम व्हरांड्यात करा, देवघरात दिवा लागलाय तिथे नको. जुना टूथब्रश आट्यांच्या दिशेने गोल फिरवा. उभा घासला की घाण पुढच्या आट्यात ढकलली जाते. नटाच्या आतले आटे बहुतेक जण विसरतात, आणि अर्धी वाळू तिथेच असते. सुती चिंधीची वळी करून ती आतून फिरवत ओढा. काळी यायची थांबली की झालं.

वाळल्यावर लिथियम ग्रीसचे तांदळाएवढे दोन-तीन ठिपके लावा, स्क्रू चार-पाच वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. बोटाला ओशटपणा कळावा, पण बोट बरबटू नये. स्क्रू आणि नट दोन्ही स्टेनलेसचे असतील तर मात्र कोरडे कधी फिरवू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आटे एकमेकांना धरून बसतात, मग पाना लावून जोर केला की दोन्ही भंगारात. तिथे मॉली ग्रीस (मॉलिब्डेनम मिसळलेलं) बरं.

डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल का? (धंतोली)

साफ करायला चालेल, वंगण म्हणून नाही. नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली ते गंज टाळण्यासाठी बनवलं होतं. मारा, पुसा, मग ग्रीस लावा.

जॉयस्टिकच्या रेस्टवर (एकाच दांडीने नेम वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचा) निशाणा जुळवून हात सोडला की क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, हळूहळू खाली उतरतो. नुकतंच तेलपाणी केलंय. (हिंगणा रोड)

तेलपाणी केलंय, इथेच उत्तर आलं. रेस्टमध्ये काही पृष्ठभाग सरकण्यासाठी असतात, काही धरून ठेवण्यासाठी. जॉयस्टिकच्या घर्षणाच्या पट्ट्या दुसऱ्या प्रकारातल्या. मी स्वतः हाच उद्योग केला होता. दांडी लोण्यासारखी फिरायला लागली म्हणून खूश झालो, आणि टार्गेटवर सगळी भोकं एकाखाली एक.

पट्ट्या उघडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिंधी कोरी निघेपर्यंत. मग ताणाचा स्क्रू एकदम न आवळता पाव फेऱ्याहूनही कमी, असा थोडाथोडा आवळा. रिकामी रायफल ठेवून, हात काढून मिनिटभर स्कोपमधून बघा. जागचा हलला नाही की थांबा. जास्त आवळलंत तर दांडी अडखळत, धक्के देत सरकेल. एक अपवाद: काही कंपन्या या पट्ट्यांमध्ये मुद्दाम घट्ट ग्रीस भरून देतात. ते पुसलंत तर रेस्ट बिघडेल, म्हणून आधी माहितीपुस्तिका वाचा.

पुढच्या पिशवीचं चामडं कडक झालं होतं, खोबरेल चोळलं. आता गोळी सुटल्यावर रायफल मागे येताना अडकते. (इतवारी)

खोबरेल डोक्याला ठीक. चामड्याने ते प्यायलं की लाकडी दस्त्यावर डाग पडतात, धूळ चिकटते आणि नागपूरच्या थंडीत ते थिजतं ते वेगळंच. कोरड्या कपड्याने निघेल तेवढं टिपून घ्या, आठवडाभर सावलीत ठेवा, मग टाल्कम पावडर चोळून जास्तीची झटका.

पिशवी हातात घेतलीच आहे तर शिवण तपासा. मानकापूरच्या वाचकांनीही तपासावी, कारण पिशवी त्या स्क्रूच्या बरोबर वर असते. शिवणीतून झिरपणारी वाळू थेट आट्यांत पडते. आत कन्हान नदीची वाळू भरली असेल तर ती धुवून, चाळून, कढईत फुटाणेवाल्यासारखी भाजून, पूर्ण थंड झाल्यावरच भरा. ओली राहिली तर पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि पिशवीखालचं लोखंड गंजतं.

रेस्ट कारच्या डिकीतच असतो. काही बिघडतं का? (प्रतापनगर)

बिघडतं. बाहेर ४५ अंश असताना बंद डिकी त्याहून कितीतरी तापते, ग्रीसमधलं तेल सुटून खाली ओघळतं आणि आट्यांत नुसता साका उरतो. घरात आणा, उशीचा जुना अभ्रा घाला आणि तिन्ही पायांचे लॉकनट सैल करून ठेवा.