सकाळी टायरचा पिवळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंडहँड आहे, २०२१चं मॉडेल. डिसेंबर लागल्यापासून इंदूरजवळच्या राऊहून सकाळी निघताना डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखा पिवळा दिवा लागतो, मध्ये उद्गारचिन्ह असलेला, आणि राजेंद्र नगर येईपर्यंत विझतो. पंपावरचा माणूस म्हणाला, थंडीत असं होतंच. एका मेकॅनिकने तर दिवाच बंद करून देतो म्हटलं.

दिवा बंद करून घेऊ नका, ही पहिली विनंती. आणि तो आपोआप विझतो म्हणून निर्धास्त राहू नका. दिवा विझला तरी टायरमधली हवा वाढलेली नसते. आहे तेवढीच हवा तापलेली असते.

समजा तुमच्या गाडीला ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतं. (खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.) साधारण पाव हवा कमी झाली की, म्हणजे २५च्या आसपास, हा दिवा लागतो. तुमचा टायर पहाटे २५वर असतो. पाच-सहा किलोमीटर चालला की तापून २७ होतो आणि दिवा विझतो. पण व्यवस्थित भरलेल्या टायरने त्या वेळी ३५ दाखवायला हवं होतं. आठ पीएसआयची तूट जशीच्या तशी आहे, फक्त ती सांगणारा दिवा गप्प झाला.

पंपावरच्या माणसाचं अर्धं बरोबर आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरचं प्रेशर साधारण दीड पीएसआय उतरतं. इंदूरच्या डिसेंबरात दुपारी २७ अंशांत ३३ भरलेला टायर पहाटे ९ अंशांत ३० दाखवेल. म्हणजे थंडीने गेले तीन. ३०वरून २५वर कोणी नेलं? तिथे एकतर कित्येक महिन्यांत हवा तपासलेली नाही, किंवा कुठेतरी बारीक गळती आहे. नायट्रोजन भरा, मग थंडीचा परिणाम होणार नाही, असंही कोणीतरी सांगेल. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि थंडीत दोन्ही सारखेच आकसतात.

हे इतकं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही लग्नाला धुळ्याला निघालो होतो. गाडीत आई, बहीण आणि तिची दोन मुलं. मानपूरचा घाट उतरताना हाच दिवा लागला. दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये मला सांगितलं होतं की सेन्सर बिघडलाय, लक्ष देऊ नका. मी ते खरं मानलं. खलघाटला नर्मदेच्या पुलापाशी थांबलो, आईने हात जोडले, मी चारही टायर बघितले. सगळे ठीक दिसले. आजकालच्या रेडियल टायरचं पोट एरवीही थोडं फुगलेलंच असतं, त्यामुळे २२ आणि ३३मधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पायाने दाबून तर अजिबात नाही.

सेंधव्याच्या अलीकडे गाडी मागून जड ओढू लागली. उतरून हात लावला तर मागचा डावा टायर चटका बसेल इतका तापलेला. स्टेपनी लावून कसेबसे सेंधव्याला पोचलो. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा रबराचा भुगा पडला. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते आणि आतून झिजत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. मूळ कारण होतं एक लहानसा खिळा, वेळेवर थांबलो असतो तर साधं पंक्चर काढून भागलं असतं. तो टायर मात्र फेकावा लागला. पुढे बिजासनचा घाट होता, उन्हात, भरलेल्या ट्रकांच्या रांगेत, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली. तो विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून उद्या सकाळी हे करा. गाडी रात्रभर उभी असताना, सुरू करायच्या आधी, चारही टायर साध्या गेजने, म्हणजे हवा मोजायच्या मापकाने, मोजा. चांगला गेज काहीशे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. चारही टायर सारखेच कमी असतील तर हवा भरून काम संपेल. एकच कमी असेल तर ते पंक्चर समजा, किंवा व्हॉल्व्ह किंवा रिमची कड गळतेय असं धरा. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. पंप लांब असेल आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापणार असतील, तर घरी प्रत्येक टायरची तूट कागदावर लिहा. पंपावर गेल्यावर जो आकडा दिसेल त्यात ती तूट मिळवा. घरी आठ कमी होते आणि पंपावर २७ दिसले, तर ३५ भरायला सांगा. पंपावरचा मुलगा '३३च असतं' म्हणेल, तरी ठाम राहा. आणि तापलेल्या टायरमधून, आकडा जास्त दिसतो म्हणून, हवा कधीही सोडू देऊ नका.

आता हा दिवा लावणाऱ्या यंत्रणेविषयी. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर बसवलेला असतो आणि तो रेडिओने प्रेशर कळवतो. दुसऱ्यात सेन्सर नसतोच. एबीएससाठी (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचा वेग मोजला जातो, त्यावरून गाडी अंदाज करते, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे घेतं. त्या प्रकारात हवा भरल्यावर दर वेळी मेनूतून रीसेट करावं लागतं, आणि चारही टायर सारखेच उतरले तर तिला पत्ता लागत नाही. तुमचा दिवा तापल्यावर आपोआप विझतो, त्या अर्थी तुमची बहुधा पहिल्या प्रकारची आहे. स्क्रीनवर चार आकडे दिसत असतील तर खात्रीच.

मग एक काळजी घ्या. टायर बदलताना किंवा पंक्चर काढताना आत सेन्सर आहे हे टायरवाल्याला आधीच सांगा. मशीनने टायर उतरवताना नेमका व्हॉल्व्हपाशी जोर पडला तर सेन्सर तुटतो. टायरमध्ये ओतायच्या पंक्चरविरोधी द्रवाने त्याचं छिद्र बुजू शकतं. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. तुमची गाडी त्या वयात येतेय. पण बॅटरी संपल्याची खूण वेगळी असते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. लुकलुकला तर यंत्रणेत बिघाड, सरळ पेटला तर हवा कमी. तेव्हा त्या गॅरेजमध्ये मी हा एकच प्रश्न विचारायला हवा होता.

पाव हवा कमी झाल्यावर दिवा लागण्याचा हिशेब अमेरिकेतून आला. टायर फाटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, म्हणून तिथे २००० साली कायदा झाला आणि २००८च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली. ती शेवटची घंटा म्हणून आखलेली आहे. ३३ लागणारा टायर २७वर महिनोन्महिने फिरला तरी ती बोलणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा गेज लावाच, लांबच्या प्रवासाआधी तर नक्की.

आणि डिकी उघडून स्टेपनी आहे का तेही बघा. आपल्याकडे २०२०च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि ही प्रेशर यंत्रणा असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. तुमची गाडी तशी निघाली तर दिवा बंद करून देणाऱ्या मेकॅनिकला गाडीला हातही लावू देऊ नका. उद्याचे चारही आकडे इथेच खाली लिहा, कोणत्या चाकाचा कोणता ते सांगा, मी बघतो.